बारा पूर्णांक चार

जळगावहून धुळ्याला जाणाऱ्या एसटीत तो माझ्या शेजारी येऊन बसला, तेव्हा त्याच्या मांडीवर केळीच्या वाळक्या सोपटात गुंडाळलेलं काहीतरी लांबट होतं. पारोळ्याच्या अलीकडे बस खड्ड्यात आदळली, सोपट सरकलं आणि आत काच चमकली. ब्युरेट, प्रयोगशाळेतली मापाची नळी.

"ही कुठल्या कॉलेजची?" मी विचारलं. धुळ्याच्या एका कॉलेजात मी रसायनशास्त्राची हंगामी डेमॉन्स्ट्रेटर होते. प्रयोगशाळेतली काच घरी नेणारी माणसं मी पाहिली होती.

"माझी आहे."

"पावती?"

त्याने माझ्याकडे पाहिलं... हसू ओठांच्या आतच ठेवून. "पोलिसात आहात?"

"केमिस्ट्रीत."

"म्हणजे सुटका नाही," तो म्हणाला आणि खिडकीबाहेरच्या कपाशीकडे बघत बसला. धुळं येईपर्यंत मी तीन वेळा त्याच्याकडे पाहिलं. तिन्ही वेळा तो माझ्याकडेच बघत होता.

सोमवारी तो आमच्या प्रयोगशाळेत उभा. नवा डेमॉन्स्ट्रेटर, रावेरकडचा कौतिक पाटील. मला धरून कॉलेजात सात पाटील होते, त्यामुळे सगळ्यांना पहिल्या नावानेच हाक मारायची पद्धत. तो कौतिक सर झाला. मी होतेच कुंदा मॅडम.

"स्वतःची ब्युरेट कशाला लागते?" मी विचारलं.

"तपासल्याशिवाय दुसऱ्याची वापरत नाही."

"फार संशयी आहात."

"पावती कोणी मागितली होती?"

हे १९८८ सालचं. ऑक्टोबरात सत्र परीक्षा झाली आणि मी पेपर तपासायला घेतले. टायट्रेशनमध्ये ब्युरेटमधून थेंब थेंब आम्ल सोडायचं आणि खालच्या शंकुपात्रातला गुलाबी रंग गेला की थांबायचं; किती मिली आम्ल लागलं, ते उत्तर. कुणाचा हात एक थेंब आधी थांबतो, कुणाचा दोन थेंब नंतर. बावीस विद्यार्थ्यांची बावीस उत्तरं थोडी पुढेमागे यायलाच हवीत. इथे बावीसही पेपरांवर एकच आकडा होता — नऊ पूर्णांक आठ.

उत्तर कुणीतरी फोडलं होतं. ते आधीपासून माहीत होतं दोघांनाच. द्रावण बनवून आधी स्वतः करून बघणारी मी, आणि पर्यवेक्षक कौतिक. मी कुणाला सांगितलं नव्हतं.

विभागप्रमुख शालिग्राम सरांनी मला बोलावून घेतलं. "पूर्वपरीक्षेच्या दिवशी संध्याकाळपर्यंत मला नाव पाहिजे. त्या माणसाची ऑर्डर पुढे वाढणार नाही."

अडचण एवढीच होती की तोवर तो माणूस मला आवडायला लागला होता. थंडीत तो घरून कळण्याच्या पुऱ्या आणि वांग्याचं भरीत आणायचा, डबा मधे ठेवायचा आणि म्हणायचा, "घ्या. आधी मी खाऊन दाखवू?"

"दाखवा," मी म्हणायचे. आणि तो खरंच दाखवायचा.

त्या वर्षी कॉलेजात मूल्यशिक्षणाचा तास सुरू झाला होता. शनिवारी दुपारी. जुन्या कुणाला तो नको होता, म्हणून कौतिककडे आला. एका शनिवारी मी दाराआड उभी राहून ऐकलं. चारित्र्यावर भाषण असेल, आणि उत्तरं फोडणाऱ्याच्या तोंडून ते कसं वाटतं ते बघू, असं मनात होतं. पण त्याने पुस्तक उघडलंच नाही. सगळ्यांना टायट्रेशन करायला लावलं आणि म्हणाला, "खोडरबर दप्तरात ठेवा. चुकलं तर एक रेघ मारा, शेजारी सही करा. चुकलेला आकडा दिसला पाहिजे. मी चुकीचे मार्क कापणार नाही, पण लपवल्याचे सगळे कापीन."

मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "सर, परीक्षेत पण?"

"परीक्षेतच."

मी विचारात पडले. हा माणूस इतका चांगला नट आहे, की...? मग मी सापळा लावला.

फेब्रुवारीत पूर्वपरीक्षा होती. आदल्या दुपारी द्रावण केलं, करून पाहिलं, वहीत लिहिलं — बारा पूर्णांक चार. वही आतल्या खोलीत मेजावर मुद्दाम उघडी ठेवली. तिथे कौतिकशिवाय कुणी येत नसे. मग दोन लिटरच्या त्या बाटलीत चौसष्ट शतांश ग्रॅम कॉस्टिक सोडा गुपचूप टाकला. द्रावण तीव्र झालं, आता खरं उत्तर तेरा पूर्णांक दोन. ज्यांनी बारा पूर्णांक चार लिहिलं, त्यांना ते कौतिकनेच दिलं.

दुसऱ्या दिवशी पेपर गोळा झाले. प्रयोगशाळेतच बसून पहिला उघडला, बारा पूर्णांक चार. दुसरा, बारा पूर्णांक चार. तिसरा मी उघडलाच नाही. कागदावर त्याचं नाव लिहिलं, घडी घातली... आणि उठवेना.

तेवढ्यात तोच आत आला. चेहरा उतरलेला. दार लोटून म्हणाला, "कुंदा मॅडम, असं का केलंत?"

"मी? उत्तर तुम्ही फोडलंत."

"गोळा करताना दोन-तीन पेपर दिसले. तुमच्या वहीतलं बारा पूर्णांक चार त्यांत आलंय. काल वही परत उघडी दिसली, म्हणून मी बाटलीत एकशेतीस मिली पाणी घातलं. आज उत्तर अकरा पूर्णांक सहाच यायला हवं होतं."

"पाणी घातलंत?"

"हो."

"त्याच बाटलीत मी सोडा टाकला होता."

मी पेन्सिल घेतली. तेरा पूर्णांक दोन गुणिले दोन हजार, भागिले दोन हजार एकशेतीस. उत्तर मेजावरच लिहिलं, कागद शोधायचं भान नव्हतं. बारा पूर्णांक चार. माझा सोडा त्याच्या पाण्याने खाऊन टाकला होता.

कोपऱ्यात काच पुसत असलेले आमचे प्रयोगशाळा परिचर झिपरू नाना मान न उचलता म्हणाले, "ताई, तुमी सरकडे देखतस, सर तुमनाकडे देखतस. बाटलीकडे कोन देखस?"

कौतिकने उरलेले पेपर माझ्यापुढे पसरले. बारा पूर्णांक तीन. पाच. चार. एकावर बारा पूर्णांक सात, त्यावर रेघ, शेजारी सही.

"चोरलेला आकडा कुणी असा पुढेमागे लिहितो?" तो हळूच म्हणाला.

पोरांनी खरं लिहिलं होतं. बावीसच्या बावीस जणांनी.

"मग ऑक्टोबरात?" मी विचारलं.

"तुमची वही खिडकीत उघडी राहिली होती. पोरं ब्युरेट धुवायला तिथेच येत होती. मी मिटली, पण उशीर झाला होता."

"तेव्हाच का नाही सांगितलं?"

"विसरलात की मुद्दाम ठेवलीत, कळत नव्हतं. आणि... मुद्दाम निघालं असतं तर?" त्याने मान वळवली. "ते मला नको होतं."

मी घडी घातलेला कागद फाडला आणि निघाले.

"कुठे?"

"नाव द्यायला. माझं."

"थांबा. पाणी माझं आहे," तो म्हणाला आणि मागोमाग आला.

शालिग्राम सरांनी दोघांचं ऐकून घेतलं. "मूल्यशिक्षणाचा तास तुम्हीच घेता ना?" त्यांनी कौतिकला विचारलं. तो "हो" म्हणाला. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. कौतिकला लेखी ताकीद. वही माझी, निष्काळजीपणा माझा, तेव्हा एप्रिलनंतर माझी ऑर्डर वाढणार नाही. मुलांचे पूर्वपरीक्षेचे मार्क कायम. शेवटचं ऐकलं, म्हणून मला रडू आलं नाही.

बाहेर जिन्यात ऊन होतं. मी एका पायरीवर बसले, तो तिच्या वरच्या.

"एप्रिलनंतर काय?" त्याने विचारलं.

"जळगावला अर्ज करीन. पाइपांच्या कारखान्यात प्रयोगशाळा असतात."

"जळगावहून रावेर जवळ पडतं."

"मग?"

"आईला सांगितलंय मी. धुळ्यात एक मुलगी आहे, सारखी माझ्यावर संशय घेते."

"काय म्हणाल्या?"

"म्हणाली, म्हंजे तिचं तुह्यावर ध्यान हाये."

मला हसू आवरेना. "कधी सांगितलंत?"

"दिवाळीत."

दिवाळीत. मी त्याच्याविरुद्ध पुरावा गोळा करत होते तेव्हा. मी पायरीकडे बघत म्हणाले, "आईंना विचारा, येत्या रविवारी वडिलांना घेऊन आले तर चालेल का. पण सांगून ठेवते... आबा प्रश्न फार विचारतात."

"तुमच्यापेक्षा?"

"मी कुणाकडून शिकले?"

तो एक पायरी खाली सरकला आणि माझ्या पायरीवर येऊन बसला.