चार बोटांची फट

ही गोष्ट खरी आहे.

भूत रात्रीच येतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी इथूनच परत फिरलं तरी चालेल. कारण हे घडलं शनिवारी, भर दुपारी. वीज होती. पंखा चालू होता. शेजारच्या घरात कपड्यांचं मशीन गरगरत होतं. वातावरणनिर्मिती म्हणतात ती काहीच नव्हती.

आणि जिच्यासोबत घडलं, ती माझी सख्खी मावशी आहे. ती पालीला घाबरत नाही, उंदराला घाबरत नाही, आणि थापा मारणाऱ्याला तर अजिबात सोडत नाही.

मावशी वेल्डर आहे. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तिचं काम चालतं. गेट, ग्रिल, जिने आणि डोंगरात फिरणाऱ्या गाड्यांचे बंपर. बंपरमध्ये तिचा हात कोणी धरू शकत नाही. दुकानातला तयार बंपर दिसला की ती नाक मुरडते. म्हणते, "हा गाडीला घातलाय की गाडी ह्याला?"

त्या शनिवारी शेडमध्ये तिच्या भावाची, म्हणजे माझ्या मामाची, जीप उभी होती.

मामा सहा फूट उंच आहे, तरी घरात तो अजून 'छोट्या'च. आजी तोवर मावशीकडेच राहत आली होती. आणि दोन वर्षं ह्या दोघा भावंडांचा एकच वाद चालला होता... आईला कोण सांभाळणार. छोट्या रुसला, चिडला, महिनाभर बोलायचा बंद झाला. शेवटी मावशीने हार मानली. रविवारी सकाळी तो आजीला ह्याच जीपमधून डोंगरापलीकडच्या आपल्या घरी नेणार होता. कायमचं.

आजीची बॅग भरून झाली होती. फक्त जीपला पुढचा बंपर नव्हता.

आता, नवा बंपर बांधताना जुना समोर असला की काम सोपं होतं. बोल्टची भोकं त्याच्यावरूनच उतरवता येतात. हे छोट्यालाही ठाऊक होतं. तरी शुक्रवारी तो नुसतीच जीप घेऊन आला.

"जुना कुठाय?" मावशीने विचारलं.

"भंगारात दिला."

"कोणी, तू? मोडकी छत्री तीन वर्षं जपून ठेवलीस तू."

"दगडाला धडकून पार वाकला होता, ताई. काय करू, काचेच्या कपाटात ठेवू?"

मावशी हसली. तो गेला.

शनिवारी दुपारी आजी चहा घेऊन शेडमध्ये आली, तेव्हा बोलता बोलता म्हणाली, "आधीच्या मालकानेच ठोकली होती म्हणे गाडी."

"मला तर म्हणाला, तो स्वतः दगडाला धडकला."

"मग दगड आधीच्या मालकाचा असेल," आजी म्हणाली आणि रिकामा कप घेऊन चालती झाली.

मावशीच्या मनात मात्र शंकेची पाल चुकचुकली.

तिने जीपकडे नीट पाहिलं. डावा दिवा जुना, पिवळट पडलेला. उजवा नवा कोरा. उजव्या चाकावरच्या पत्र्याचा रंगही एक कणभर जास्तच चमकत होता.

असेल. दगडाला धडकली असेल.

तिने कामाला हात घातला.

मावशीची एक पद्धत आहे. ती आधी पुठ्ठ्याचा साचा कापते, आणि तोही अर्धाच. डावीकडे लावून बघते, मग तोच पालटून उजवीकडे लावते. गाडीच्या दोन्ही बाजू सारख्या, मग दोनदा कशाला मोजायचं?

डावीकडे साचा चपखल बसला.

तिने तो पालटला. उजवीकडे लावला...

नाही बसला. लोखंडापासून चार बोटं अलीकडेच थांबला.

तिने टेप लावला. चॅसीची, म्हणजे गाडीच्या सांगाड्याची, दोन्ही टोकं सारखीच पुढे आलेली. काटकोन तपासायला गुण्या लावला. सरळ. साच्यामागच्या फटीत हात घातला. हात आरपार गेला. काही नव्हतं.

पुन्हा साचा लावून तिने तळहाताने दाबला.

लोखंडाला टेकला की पुठ्ठा टक्कन थांबतो. हा मऊ थांबला. झोपलेल्या माणसाच्या पाठीला टेकावा तसा...

"छोट्या, काहीतरी चिकटवून ठेवलं असशील ना, तर बघच," ती स्वतःशीच पुटपुटली. लहानपणी हे असले उद्योग त्याने कमी केले नव्हते. बॅटरी घेऊन ती जीपखाली शिरली. वर, खाली, आत, सगळं चाचपलं.

काहीच नाही.

शेवटी तिने ठरवलं, पुठ्ठ्याचे लाड पुरे झाले. लोखंड काही असं आडून बसणार नाही. जीपच्या पुढ्यातच तिने जाड प्लेट मांडली आणि ग्राइंडर चालू केला. ठिणग्यांचा फवारा उडाला. लोखंडाचा काळा चुरा सगळीकडे पसरला. तिच्या बुटांवर, प्लेटवर, फरशीवर.

कापून झालं. तिने ग्राइंडर बंद केला.

कान बधिर झाले होते. त्या एका क्षणाच्या शांततेत, अगदी जवळ...

कोणीतरी श्वास आत घेतला.

आणि सोडलाच नाही.

"आई?"

आजीचा आवाज घराच्या दुसऱ्या टोकाकडून येत होता. ती फोनवर कोणाला तरी रविवारचा बेत सांगत होती.

मावशीने चष्मा कपाळावर सरकवला. आणि मग तिला फरशी दिसली. उजव्या दिव्यासमोर, तेवढ्या एका जागी, काळा चुरा पडलाच नव्हता. कोणी गुडघे पोटाशी घेऊन बसावं, एवढीच ती जागा होती. बाकी सगळी फरशी काळी. ती स्वच्छ.

आता दुसरं कोणी असतं तर पळालं असतं. मावशीने प्लेटला वेल्डिंगचे कच्चे टाके मारले, ती जॅकवर चढवली आणि जीपला लावली. डावी भोकं भोकांसमोर आली.

उजवीकडे चार बोटांची फट.

तिने लोखंडी पहार उचलली. प्लेट रेटायची म्हणून टोक अडकवलं... आणि तिचा हात थांबला. आपण नुसतं लोखंड रेटत नाही आहोत, असं तिला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

तिने पहार खाली ठेवली आणि छोट्याला फोन लावला.

"जीप कुठे ठोकली होतीस?"

"सांगितलं ना. दगड."

"आईला म्हणालास, आधीच्या मालकाने ठोकली."



"तेच गं. त्यानेच दगडाला ठोकली."

"काल तर तू धडकला होतास."

"ताई, तू बंपर बांधतेयस की जबाब घेतेयस? होतोय का नाही, तेवढं सांग."

"होतोय. एका बाजूला अडतंय."

"मग उजवीकडे थोडी जागा सोड ना," तो म्हणाला. फोन ठेवला.

मावशी फोन हातात धरून तशीच उभी राहिली.

कोणती बाजू, ते तिने सांगितलंच नव्हतं.

मग ती स्टुलावर बसली. हाच तो भाऊ, ज्याला तिने सायकल शिकवली. ज्याच्या मार्कांची थाप तिने आईपासून लपवली. जो खोटं बोलताना नेहमी वैतागल्यासारखं बोलतो. फोनवर तो वैतागला होता.

मग ती उठली. उजवीकडचा आधाराचा तुकडा तिने चार बोटं जास्त लांब कापला, प्लेट तेवढी पुढे घेतली आणि पुन्हा लावून पाहिली.

पहिल्याच फटक्यात बसली. पाना लागला नाही. बोल्ट नुसत्या हाताने आत गेले. 

तिने जोड पक्के केले, रंग मारला, आणि वाळेपर्यंत शेड कोपऱ्याकोपऱ्यातून झाडून काढलं. ओल्या फडक्याने फरशी पुसली. पाने, पहार, पुठ्ठे, सगळं भिंतीला लावून ठेवलं.

संध्याकाळी पाचला छोट्या आला.

"वा ताई. लोकांना वाटेल, मुद्दाम असं डिझाइन केलंय." त्याने डावीकडून बंपरवर हात फिरवला. मध्यापर्यंत आला. तिथे हात काढून घेतला.

स्टेअरिंग उजवीकडे होतं. बंपरसमोरून दोन पावलं गेला असता, तर थेट दाराशी पोचला असता. तो वळला. आला त्याच वाटेने मागे गेला, अख्ख्या जीपला मागून वळसा घातला आणि दाराशी आला.

मावशी बघत होती.

"पुढून का नाही गेलास?"

"पुढून कुठे जागा आहे?" तो सहज बोलून गेला.

जीपसमोर अख्खं शेड रिकामं होतं.

 त्याने नजर काढली, दार उघडलं आणि आत बसला.

तेवढ्यात आजी मागच्या दारात आली. "झाली का रे गाडी? माझी बॅग आत्ताच टाकून ठेव. सकाळी घाई नको."

मावशीने पुढे होऊन तिच्या हातातून बॅग घेतली आणि आपल्या पायांमागे ठेवली.

"आई येणार नाही, छोट्या. ती माझ्याकडेच राहील."

"अगं, असं काय करतेस?" आजी म्हणाली. "दोन वर्षं पोरगं जीव टाकतंय."

मावशी छोट्याकडेच बघत होती. ती वाट बघत होती. तो भांडेल. आदळआपट करेल. निदान 'का' म्हणून तरी विचारेल. विचारलं असतं, तर कदाचित तिने सगळंच सांगून टाकलं असतं, आणि हसून मोकळी झाली असती.

छोट्याने किल्ली फिरवली.

"बरं," तो म्हणाला.

आणि जीप हळूहळू, कोणाला धक्का लागू नये अशी जपून मागे घेत, तो शेडमधून बाहेर पडला.

ह्याला आता आठ महिने झाले. मामाने जीप विकलेली नाही. आजी दर रविवारी विचारते, पोरगं मला न्यायला का येत नाही. मावशी चहा ठेवायला उठते. त्या जीपसमोर तेव्हा कोण आलं होतं, हे मामाला फोन करून विचारणं काही अवघड नाही, ते मलाही कळतं. पण दोनदा नंबर लावून मीच फोन कापला आहे...