शून्य नंबरची चूक

तो पहिल्यांदा दिसला तेव्हा त्याच्या हातात तुटलेली वायर होती आणि भुवयांवर चक्क बर्फाचे कण!

"मॅडम, तुमचा कॉम्प्युटर काहीही बिघडलं तरी नुसतं 'एरर' ओरडतो. आम्ही धावायचं कुठे?"

अठ्ठ्याऐंशी साल होतं. रत्नागिरीच्या बंदराजवळ मासळीचं कोल्ड स्टोरेज होतं. मालन तिथे सी भाषेत प्रोग्राम लिहायची. पूर्णगडचा महिपत खाली मशीन सांभाळायचा.

"मग काय करू म्हणता?" तिने फणकाऱ्याने विचारलं.

"आमच्या होडीवर इंजिन बंद पडलं तर एक हाक, माणूस पडला तर दुसरी. सगळ्याला एकच बोंब मारली तर पडलेला बुडेल की हो!"

तिला हसू आवरेना. आठवडाभर ती चुकांचे प्रकार ठरवत बसली. वायर तुटली - शून्य, दार उघडं - एक, तापमान चढलं - दोन. चूक सापडली की प्रोग्रामने तो नंबर घेऊन, आधी खूण केलेल्या जागी थेट उडी मारायची आणि तिथे नंबर पाहून बिघाडाचं नाव पडद्यावर दाखवायचं. महिपतला जिना चढायला रोज नवं निमित्त मिळायचं... आणि तिला त्याची पावलं ओळखू यायला लागली होती.

चाचणीच्या दिवशी मॅनेजर तिच्या खुर्चीमागे उभे राहिले. "आज जमलं नाही तर उद्यापासून येऊ नका."

वायर तुटल्याचा बिघाड घडवायचा म्हणून महिपत ती काढायला थंड खोलीत शिरला. दार आतून नुसतं ओढून घेतलं.

पडद्यावर अक्षरं उमटली - दार उघडं.

"आप्पा, बाहेरून कडी घाल!" महिपत दार उघडं टाकून बाहेर पडला असं समजून मॅनेजर खिडकीतून वॉचमनला ओरडले. खाली खट्कन आवाज झाला.

मालन पडद्याजवळ वाकली. दार कसं? तो तर वायर... शून्य! सी भाषेत त्या खुणेपाशी शून्य म्हणजे अजून उडी मारलेलीच नाही. म्हणून उडीला शून्य दिलं की सी त्याचा आपणहून एक करते, आणि एक म्हणजे दार! वाचलं होतं तिने. विसरली होती.

"कडी काढा! महिपत आत आहे!"

चप्पल जिन्यातच राहिली. घट्ट बसलेली कडी तिने आणि आप्पांनी मिळून ओढली. तो बाहेर आला, ओठ निळे पडलेले.

"चूक माझी," ती मॅनेजरसमोरच म्हणाली. "वायरला शून्य नंबर मी दिला."

ते काही बोलणार, तोच महिपत कुडकुडत म्हणाला, "मग नंबर बदला. मी परत आत जातो."

"वेड लागलंय? पुन्हा कडी पडली तर?"

"तुम्ही आहात की..."

तिने सगळ्यांदेखत त्याचे गार हात आपल्या पदरात धरले.

"जायचंच तर हेदवीला जा," ती हळूच म्हणाली. "माझ्या बाबांकडे. मागणी घालायला."