पायाला टांगलेल्या विटा

लाईट गेलीच आहे, तर ते मोबाईल ठेवा खाली आणि इकडे सरका. वसुंधरा, तुला हसायचंच असेल तर आत जाऊन झोप. देवीदास आणि मी वीस वर्षं पोलादाच्या प्लांटमध्ये एकाच शॉपला, म्हणजे एकाच खात्यात होतो. ही गोष्ट त्यानं मला एकदाच सांगितली. दुसऱ्यांदा विचारायची माझी छाती झाली नाही.

साठ साल. जानेवारीतला शेवटचा गुरुवार, पौषातली अमावास्या. दिवस मावळताना देवीदास धाकट्या भावाचा डबा घेऊन सायकलवर निघाला. डब्यात ज्वारीची भाकर आणि वांग्याची भाजी. थंडी अशी की बोटं हँडलला चिकटावीत. तेव्हा भिलाईत सेक्टर पुरते वसलेले नव्हते. मुरूम, खड्डे, मजुरांच्या झोपड्या. प्लांटकडे गरम स्लॅग, म्हणजे भट्टीतली वितळलेली मळी, ओतला की आभाळ लाल व्हायचं, आणि तेवढ्या उजेडात रस्ता दिसायचा.

धाकटा शालिकराम खलाशी होता, उंचावर लोखंड चढवणारा. गर्डरवरून पडला आणि मांडीचं हाड मोडलं. एका कंत्राटदारानं मजुरांसाठी पत्र्याच्या शेडमध्ये हाडांचा दवाखाना काढला होता, तिथे तो होता. हाड सरळ जुळावं म्हणून पायाला दोरी बांधत, ती खाटेच्या टोकाच्या चाकावरून खाली सोडत आणि तिला विटांची पिशवी टांगत. असं महिना-दोन महिने पडून राहायचं. पाय सरळ आला तर उन्हाळ्यात प्लांटची मेडिकल तपासणी आणि कायमची नोकरी. लंगडा खलाशी कोण घेणार? दोघं भाऊ भंडाऱ्याकडची शेती सोडून आले होते ते या एकाच आशेवर.

आता त्या विटांची एक भानगड होती. रात्री पेशंट कळवळायचा आणि जवळ बसलेल्या माणसाला राहवायचं नाही. मग घडीभर म्हणून तो पिशवी उचलून मांडीवर घ्यायचा. तिथे येणाऱ्या सगळ्याच नातेवाइकांनी हेच केलं. माया हो, दुसरं काय! पण वजन उतरलं की हाडाची टोकं एकमेकांवर चढतात आणि पाय आखूड होतो. म्हणून डॉक्टरांनी नातेवाइकांना रात्री थांबायला बंदीच केली होती.

त्या संध्याकाळी डॉक्टर दारातच उभे होते.

"पैर फिर छोटा हो गया. रात को ईंटें कौन उठाता है? तुम?"

"आईची आन, साहेब. मी तर डबा देऊन घरी जातो."

डॉक्टर भला माणूस होता, पण थकला होता. म्हणाला, "तो आज यहीं बैठो. अपनी आँख से देखो. अब बिगड़ा तो मेरे हाथ में कुछ नहीं."

देवीदास भावाच्या खाटेशी स्टूल घेऊन बसला. आजूबाजूची माणसं कण्हत होती. शालिकरामचा चेहरा मात्र शांत होता, आणि नेमकं तेच देवीदासला खटकलं.

"तुले दुखत नाही का रे?"

"दिवसा जीव जाते, भाऊ. पण रातच्याला कोणीतरी येते. विटा उचलून धरते. मंग मस्त झोप लागते."

"कोण येते?"

शालिकरामनं पाण्याचा ग्लास मागितला.

रात्रपाळीला आया म्हणून अंजनाबाई होत्या, नागपूरकडच्या, रेल्वेतल्या माणसाच्या विधवा. देवीदासनं त्यांना बाजूला घेऊन विचारलं. त्या खाटेकडे बघायलाही तयार नव्हत्या.

"तुमच्या भावाच्या आंधी या खाटेवर केवलराम होता. त्याचं जवळचं कोणी नव्हतं जी. रातभर म्हणे, बाई, घडीभर उचलून धर. डॉक्टरचा हुकूम होता, मी नाही उचललं. कोणीच नाही उचललं. ताप चढला अन् गेला बिचारा. गेला तवाही विटा टांगलेल्याच होत्या."

काय म्हणतेस, वसुंधरा? "आबाजी, वो बाई ही उठाती होगी"? देवीदासलाही तसंच वाटलं. म्हणून त्यानं अंजनाबाईंना समोरच्या भिंतीशी, कंदिलाखाली बसवलं आणि त्यांच्यावर नजर ठेवली.

दुसरी पाळी सुटल्याचा भोंगा झाला. माणसं घरी गेली. रस्ता निजला.

मग वॉर्डातलं कण्हणं थांबलं. एकाचं नाही. सगळ्यांचं.

अंजनाबाई जागेवरच होत्या. पदर तोंडात.

चाक किरकिरलं.

दोरी सैल पडली. पिशवी वर आली... वीतभर. आणि थांबली.

खाली कोणी नव्हतं.

शालिकरामनं झोपेत सुस्कारा सोडला. देवीदास उठला. पिशवी दोन्ही हातांनी धरली. ओढली. येईना. पलीकडून हिसका नव्हता, जोर नव्हता. नुसतं धरलेलं होतं. मूल धरावं तसं.

त्यानं अंगाचा सगळा भार टाकला. पिशवी खाली आली.

शालिकराम किंचाळला.

"भाऊ... नको ना... त्याले धरू दे..."

"पाय जाईन तुझा! नोकरी जाईन!"

"जाऊ दे..."

देवीदासनं सोडलं नाही. घाम डोळ्यांत उतरला.

"भाऊ... कावून मारून राहिला मले...?"

...

देवीदासचे हात सुटले.

पिशवी हळूच वर गेली. शालिकराम झोपला. देवीदास रात्रभर तिथेच रडत बसला. आपण भावाचा पाय दिला, हे त्याला कळत होतं, आणि उठून पुन्हा ती पिशवी ओढायचं बळ त्याच्यात उरलं नव्हतं.

सकाळी डॉक्टरांनी पाय मोजला. कमरेपासून अंगठ्यापर्यंत प्लास्टर घातलं. जुळेल तसं जुळू द्यायचं, आणखी काय करणार! होळी झाल्यावर ते कापलं. पाय तीन बोटं आखूड. शालिकराम मेडिकलला गेलाच नाही. गावाकडची गाडी धरली आणि परत कधी प्लांटचं नाव काढलं नाही.

पण प्लास्टर कापलं तेव्हा देवीदास तिथे होता. दोन फाकी जमिनीवर पडल्या होत्या. त्यानं खालची उचलली, कापूस काढला. मांडीखाली, आतल्या बाजूनं... जिथे इतके दिवस नुसती शालिकरामची मांडी होती... तिथे एक तळहात उमटला होता. पाची बोटं. खालून उचलून धरल्यासारखी.

देवीदासनं त्यात आपला हात ठेवून पाहिला.

ठसा गरम होता.