रिकाम्या कड्यातला भार

भुताच्या गोष्टी रात्रीच्या असतात.

ही भर दुपारची आहे. आणि खरी आहे. ज्या दोघांवर बेतली ती माझी सख्खी माणसं, आत्या आणि बाबा.

दोघं एकाच पुट्टीच्या कारखान्यात. आत्या इलेक्ट्रिशियन, बाबा मिक्सरवर. मिक्सर म्हणजे खोलीएवढी लोखंडी टाकी, आत माणसाच्या उंचीची पाती.

त्या दुपारी मिक्सर चालेना.

बटण दाबलं की पाती जरा हलायची... आणि ट्रिप. आपोआप बंद.

यंत्राच्या पडद्यावर एकच शब्द. ओव्हरकरंट.

मोटरला वीज मोजून देते ती पेटी म्हणजे ड्राइव्ह. तिच्यात, मोटरकडे जाणाऱ्या वायरीभोवती, एक कडं असतं. ते वायरीला शिवत नाही. तरी आतून किती करंट जातोय ते त्याला कळतं. पातं कुठे अडकलं की मोटर जोर लावते, करंट चढतो. कडं ओळखतं आणि ड्राइव्ह मोटर बंद करते.

म्हणजे काहीतरी अडकलं होतं.

टाकी तर रिकामी.

“हाताने फिरवून बघ,” आत्या म्हणाली.

बाबांनी पातं ढकललं. अलगद फिरलं. “तायडे, तुझं कडं म्हातारं झालंय. भास होतात त्याला.”

“तुझ्यापेक्षा बरं. कधी थांबायचं ते तरी कळतं त्याला.”

तिने नवं कडं घातलं.

पाती जरा हलली...

ट्रिप.

साहेब वरच्या ऑफिसातून खाली आले. “बाई, माल खोळंबलाय. कड्याचं तोंड बंद करा. संध्याकाळी बघू.”

“आणि कोणी अडकलं तर?”

“कोण अडकणार? टाकीत आहे कोण?”

आत्याने टाकीत पुन्हा डोकावून पाहिलं. तिने कडं काढलं. त्याच्या जागी एक छोटा जोड बसवला. काहीही झालं तरी ड्राइव्हला ‘सगळं ठीक’ सांगणारा.

मिक्सर चालला.

पण आवाज जड होता. भरलेली हातगाडी चढावर ढकलावी, तसा.

आत्या काढलेलं कडं घेऊन आपल्या टेबलाशी गेली. त्याला वीज दिली, मीटर लावला. कड्यातून वायर गेलेली नव्हती. नुसतं भोक. काटा शून्यावरच राहायला हवा.

काटा उचलला गेला...

खाली आला.

पुन्हा उचलला गेला. सावकाश. कोणीतरी दम खात जोर लावावा, तसा.

तेवढ्यात बाहेर मिक्सर थांबला. मागोमाग टाकीतून खरडण्याचा आवाज. खर्र... खर्र... बाबा आत उतरून चिकटलेला माल काढत होते.

तिथे एक नियम होता. टाकीत उतरणाऱ्याने मिक्सरचा मेन स्विच पाडायचा, त्याला आपलं कुलूप लावायचं आणि किल्ली खिशात ठेवायची. स्विच होता पार अंगणापलीकडे. “एवढ्याशा कामाला कोण जातंय,” असं म्हणत सगळेच नुसतं स्टॉप दाबून उतरायचे.

आत्याने भिंतीकडे पाहिलं. बाबांचं कुलूप खिळ्यालाच होतं.

खर्र... खर्र...

थांबलं.

काटा टोकाला जाऊन आपटला. तिथेच राहिला.

आत्या धावली. अंगण ओलांडून तिने मेन स्विच ओढला.

मोटर बंद पडली.

वर साहेबांना वाटलं होतं काम झालं. त्यांनी तिथूनच चालूचं बटण दाबलं होतं. त्यांच्या पडद्यावर सगळं ठीक होतं.

पात्याने बाबांना टाकीच्या भिंतीशी दाबून धरलं होतं. बरगड्या मोडल्या. जीव वाचला.

दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर ते म्हणाले, “पातं मी धरलं होतं. पण माझ्याने ती मोटर थांबली असती होय, तायडे?”

“मग?”

“माझ्या हातांशेजारी... आणखी दोन हात होते. गार. पुट्टीने पांढरे.”

“कोणाचे?”

“ओळख करून घ्यायला वेळ होता का?” बाबा हसायला गेले, बरगडीने हसू दिलं नाही. मग हळूच म्हणाले, “तुम्ही मला ओढलंत तेव्हा मी पातं सोडलं. त्याने सोडलं नव्हतं.”

आत्या उठली आणि तडक कारखान्यात गेली. मिक्सर लावू नका, आत अजून कोणीतरी आहे, एवढंच सांगायचं होतं तिला.

टेबलावर काटा अजून टोकालाच होता.

बाहेर कोणीतरी बटण दाबलं.

काटा थरथरला...

आणि सावकाश, अगदी सावकाश, शून्यावर आला.

मिक्सर हलका चालायला लागला. तिने पुन्हा खरं कडं बसवलं. तो परत कधीही ट्रिप झाला नाही.

आत्याने नोकरी सोडली. त्या टाकीत पूर्वी कोणी दगावलं होतं का, हे तिने खूप जणांना विचारलं. कोणालाच काही माहीत नव्हतं. किंवा कोणी बोललं नाही.

बाबा घरी आहेत. बरे आहेत. फक्त गाढ झोपले की त्यांचे दोन्ही हात पुढे येतात आणि मुठी आवळतात... काहीतरी घट्ट धरल्यासारख्या.

आईने एकदा त्या सोडवायचा प्रयत्न केला. पुन्हा केला नाही.

ती म्हणते, समोरूनही कोणीतरी धरलंय.