डोकं असलेलं कार्ड

एक

"आवं, तुमी माझ्या वडिलांचं डोकं उडवलंय."

सांगलीत मामाच्या छापखान्यात तेव्हा मी एकटीच होते. दारात एक उंच मुलगा, बसच्या धुळीनं केस पांढरे झालेला. हातात बबलगमबरोबर फुकट मिळतं तसलं चिमुकलं कार्ड.

मी ते घेतलं. कार्डावर पैलवान होता. दंड, छाती, लंगोट, मांड्या... सगळं जागच्या जागी. मानेच्या वर मात्र कोरा पांढरा कागद.

"हसताय व्हय?"

"नाही... म्हणजे, हो."

मग तोही हसला. कपिल नाव. पाटणला रेडिओ दुरुस्तीचं दुकान. सुटे भाग घ्यायला दर शनिवारी सांगलीला यायचा. 'ढोलकी बबलगम'ची मल्ल-मालिका आमच्याकडेच छापली होती आणि त्यातले 'धनाजी पैलवान, पाटण' हे त्याचे वडील.

"गावभर सांगून बसल्यात, माझा फोटू आलाय म्हणून. आन् हे कार्ड बघून लोकं इचारत्यात, पैलवान, हे तुमीच कशावरनं?"

दोन

सगळे मल्ल एकाच मोठ्या कागदावर शेजारी शेजारी छापायचे आणि मग कापायचे, अशी पद्धत. धनाजी पैलवान अगदी कोपऱ्यात. छपाई सुरू झाल्यावर थोड्याच वेळात कागद तिरका जायला लागला, आणि लक्षात येईपर्यंत सगळा माल छापून झाला होता. बाकीचे मल्ल वाचले. या एकाचं डोकं कागदाबाहेर. बिनडोक्याची बहुतेक कार्डं रद्दीत गेली. डोकं असलेली निघाली मूठभर. मिरजेत शाळांबाहेर पोरं त्या एका कार्डासाठी स्वतःची अख्खी गड्डी द्यायला तयार होती.

हे सगळं मी कपिलला समजावलं.

"म्हंजी आमचा बा दुर्मिळ हाय?"

"फार."

"आन् तुमी?"

मी मान खाली घालून पुठ्ठा कापत राहिले. सरळ कापायचा होता. तिरका गेला.

"शोधून ठेवते," मी म्हणाले. "पुढच्या शनिवारी या."

शोधायचं काय होतं? माझ्या टेबलाच्या खणात तळाशी अंथरलेला कागद म्हणजे याच मालिकेचा पहिला नमुना. न कापलेला. सगळे मल्ल, डोक्यांसकट. खण उघडायचा, एवढंच काम.

पण दिलं, तर पुढच्या शनिवारी हा कशाला येईल?

तीन

(गोष्टीतलं हे तिसरं कार्ड तेव्हा माझ्याकडे नव्हतं. शेवटी मिळालं.)

चार

शनिवार... शनिवार... शनिवार.

"मिळालं?"

"नाही."

"बरं झा— वाईट झालं."

छापखान्यातला रेडिओ त्यानं दुरुस्त केला. पुढच्या आठवड्यात तो पुन्हा बंद. पुन्हा दुरुस्त. जाताना तो एक तार मुद्दाम सैल सोडायचा, हे मी पाहिलं होतं. मामाला सांगितलं नाही.

"आम्रपाली," एकदा तो रेडिओत डोकं घालून म्हणाला. पहिल्यांदाच नावानं.

"काय?"

"काय न्हाई. आवाज नीट येतोय का बघितलं."

दिवाळी गेली. तासगावची द्राक्षं बाजारात आली. आणि मी रोज खण उघडायची, त्या कोपऱ्यातल्या पैलवानाकडे बघायची आणि बंद करायची.

पाच

त्या शनिवारी कपिलच्या आधी ते आले. पटका, पांढऱ्या मिशा, दोन्ही कान कुस्तीनं चुरगाळलेले. मी लगेच ओळखलं. तो चेहरा मी रोज बघत होते.

"जय भीम, पोरी. माझं कार्ड गावलं का?"

"जय भीम, काका..."

"म्हातारा झालो. मरायच्या आधी एकदा आपलं डोकं बघावं म्हनतो."

माझा धीरच सुटला. मी खण रिकामा केला, कागद काढला, टेबलावर पसरला. ते वाकून बघत राहिले. मग खांदे हलायला लागले. रडतायत वाटलं...

हसत होते. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून एक कार्ड काढून कागदावर ठेवलं. धनाजी पैलवान. डोक्यासकट.

"दिवाळीपासनं माझ्यापाशी हाय. कपिलनंच आणून दिलं. तरी गडी दर शनिवारी म्हनतोय, 'दादा, तुमचं कार्ड हुडकायला जातोय.' म्हनलं, बघावं तरी कुठं हुडकतोय!"

बाहेर चपला वाजल्या. म्हातारा चपळाईनं मशीनमागे गेला.

"मिळालं?" कपिलनं दारातूनच विचारलं.

"मिळालं," मी म्हणाले.

त्याचा चेहरा असा उतरला, की मला त्याची दया आली. "आरं वा," तो म्हणाला. "मग... आता... यायचं काय कारण..."

"रेडिओची तार सैल आहे," मी म्हणाले.

मशीनमागून गडगडाटी हसू आलं. कपिल जागच्या जागी उडाला. "दादा! तुमी?"

"तुज्या बानं डाव बघितला, गड्या. दोगं बी लबाड."

मी कात्री उचलली. "काका, कापून देऊ?"

"कशाला? ऱ्हाऊ दे समदे एकत्र. पाटणला घरात भिंतीला लावू." त्यांनी कागदाच्या एका टोकाला कपिलचा हात ठेवला, दुसऱ्या टोकाला माझा. "पर कागूद लय मोठा हाय. एकट्यानं लावला की तिरका जातोय."

कपिलनं माझ्याकडे पाहिलं. मी टोक सोडलं नाही.

तीन

गोष्टीतलं हे तिसरं कार्ड त्यानं मला त्याच संध्याकाळी दिलं, कृष्णेच्या पुलावर, कठड्याला टेकून.

दिवाळीआधीचा शनिवार. मिरज स्टेशनवर एका चहावाल्यानं बरणीला चिकटवलेलं ते कार्ड त्याला दिसलं. चहावाल्याचा टेपरेकॉर्डर दुरुस्त करून त्याबदल्यात त्यानं ते मिळवलं. सांगलीला आला तो मला दाखवायला, आभार मानायला आणि निरोप घ्यायला. वाटभर वाक्यं जुळवली होती.

मी दारात उभी होते. नाकाला निळी शाई लागली होती म्हणे. त्यानं तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, "नाही मिळालं हं अजून!"

"इतक्या खुशीत म्हनलीस," कपिल म्हणाला, "की मी खिशावर हात दाबून धरला."

आणि तेव्हा मला एवढंच म्हणाला होता, "मग येतो पुढच्या शनिवारी."