तीन किलोमीटर खाली

शुक्राच्या ढगांत, जमिनीपासून पंचावन्न किलोमीटर उंचीवर तरंगणारं अनिलपूर रोज चाळीस मीटर खाली चाललं होतं.

घनतामापन प्रयोगशाळेत प्रशासक कुमुद सरंजामे खुर्ची ओढून बसल्या. "ओगले, तुमचं ते 'बहुधा' आज नको. सरळ सांगा."

डॉ. त्र्यंबक ओगल्यांच्या प्रत्येक अहवालात 'बहुधा' असे. शहरात त्यांना बहुधामास्तर म्हणत.

"बाहेर सगळा कार्बन डायऑक्साइड," ते म्हणाले. "आपली श्वासाची हवा त्याहून हलकी. ती भरलेल्या कापडी घुमटामुळे शहर तरंगतं. आता घुमटाच्या शिवणी झिजल्यात. जड वायू आत शिरतोय."

"म्हणजे वजन कमी करायचं. तळमजला सोडून देऊ."

तळमजला म्हणजे शहराखाली टांगलेली धातूची बंद पेटी. तिथे यंत्रं आणि सहाशे कामगार. ओगल्यांची मुलगी मंजिरी त्यांतलीच. बाईंना ते ठाऊक होतं.

"माणसं मारली असं उद्या कोणी म्हणायला नको. दगडासारखी तळाला जातील का?"

"दगड पाण्यात तळाला जातो, कारण खोलवरही पाणी फारसं दाट होत नाही. घन आणि द्रव दाबाला दाद देत नाहीत. वायू देतो. इथली हवा खाली खाली दाट होत जाते. धातूची पेटी मात्र दबणार नाही. तीन किलोमीटर खाली भोवतालची हवा तिच्याइतकी दाट होईल. तिथे ती थांबेल. आत उकडेल, पण थांबेल."

"बहुधा?"

"थांबेल."

बाई हसल्या. "पोरीची वेळ आली तर कसे छातीठोक झालात. लिहून द्या."

सही करण्याआधी ओगल्यांनी आकडेमोड सात वेळा तपासली.

"बाबा, खरं सांगा," मंजिरी फोनवर म्हणाली. "तुम्ही आमटीतल्या मिठालासुद्धा बहुधा म्हणता."

"थांबाल तुम्ही."

"मग तुम्हीही या ना."

"मी आलो तर लोक कारण विचारतील."

तिला ते कळलं नाही.

तळमजला सुटला. शहर झपकन वर गेलं आणि घुमटातल्या चार हजार लोकांनी पेढे वाटले. पण वरच्या विरळ हवेत घुमट फुगला, झिजलेल्या शिवणी उसवल्या. त्या शिवणारे कामगार तळमजल्याबरोबर गेले होते. नवव्या दिवशी शहर खाली येऊ लागलं.

सरंजामेबाई प्रयोगशाळेत आल्या तेव्हा त्यांच्या पायांत चपला नव्हत्या. "आपणही खाली कुठेतरी थांबूच ना?"

"नाही. आपण कापडावर आहोत. बाहेरची हवा दाट होते, तसा घुमटही दबतो आणि आतली हवा तेवढीच दाट होते. तरंगण्याची ताकद काही वाढत नाही. मग थांबणार कशाने?"

"हे तेव्हा माहीत होतं?"

"हो."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तळमजल्यात तुम्ही जाऊन बसला असता. कामगारांना घुमटात पाठवलं असतं."

"चार हजार माणसं आहेत, ओगले."

"तेही गणित सात वेळा केलं."

बाई भिंतीला टेकून खाली बसल्या. रेडिओ खरखरला.

"बाबा, आम्ही थांबलोय. अगदी तुम्ही सांगितलं तिथेच. खिडकीतून शहर दिसतंय, आमच्याकडेच येतंय. इथे थांबणार ना तुम्ही?"

ओगल्यांनी उंचीमापकाकडे पाहिलं.

"बहुधा," ते म्हणाले.