दिसल्याशिवाय परवानगी नाही

एक दुर्बीण. डाव्या भिंगाच्या कडेला बारीकसा चरा.

ब्याऐंशी पायऱ्या. त्यातली एकोणिसावी उगाच बोटभर उंच, नवख्या माणसाला हटकून ठेच लावणारी.

पत्रांच्या सहा गोण्या, तोंडं सुतळीने बांधलेली.

आणि एक फाईल. विमानतळाचा जुना टॉवर पाडायचं ठरलं, कपाटं रिकामी झाली, तेव्हा कुणीतरी फोन करून विचारलं, "बाई, यात तुमचं नाव आहे. हवी आहे का, की रद्दीत घालू?"

हवी होती. रिटायर होऊन चार वर्षं झाली होती, गुडघे कुरकुर करत होते, तरी ती सगळ्या पायऱ्या चढून गेली. एकोणिसावीवर पाय आपोआप जरा वर उचलला गेला.

ती पहिल्यांदा इथे आली तेव्हा सव्वीस वर्षांची होती. टॉवरच्या मोठ्या साहेबांनी तिच्या हातात ती दुर्बीण दिली आणि म्हणाले, "नियमांचं पुस्तक जाडजूड आहे, ते वाचशीलच. माझा नियम एवढाच. आधी विमान डोळ्यांना दिसलं पाहिजे, मग तोंडातून 'उतरा' निघालं पाहिजे. विमान कुणाचंही असो."

रोज दुपारी चारच्या सुमारास टपालाचं छोटं विमान यायचं. एक इंजिन, एक माणूस, मागे त्या सहा गोण्या. टॉवरमध्ये त्या पायलटला सगळे 'टपाल' म्हणायचे. तिने त्याला कधी पाहिलं नव्हतं. गोण्या उतरवून तो पलीकडच्या शेडमधून परस्पर निघून जायचा. ओळख होती ती आवाजाची. किंचित खरखरीत, निवांत आवाज... दुपारची झोप काढून नुकताच उठल्यासारखा.

वायरलेसवरचा शब्द न् शब्द टेपवर जायचा, त्यामुळे गप्पांना बंदी होती. हवामानाला मात्र बंदी नव्हती.

"टॉवर, आज ढग कसे आहेत?"

"पश्चिमेला थोडे. वरून तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त दिसत असतील."

"दिसतात. पण तुम्ही सांगितले की खरे वाटतात."

ती गालातल्या गालात हसली. साहेब पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "ढगांची बरीच चौकशी चालते हल्ली."

"टपाल भिजतं, साहेब."

"हो ना. टपालाची काळजी कुणीतरी घ्यायलाच हवी."

असे आठ महिने गेले. तीन वाजून गेले की तिचे कान त्या आवाजाकडे लागायचे, आणि आवाज आला की वाटायचं — आला, पोहोचला. कान आणि डोळे यांत फरक असतो हे ती हळूहळू विसरत चालली होती.

मग ती दुपार. पाऊस नुकताच पडून गेलेला, ऊन तिरपं. येणाऱ्या विमानाच्या वाटेवर, विमानतळाच्या अलीकडे नऊ किलोमीटरवर फ्लाइंग क्लबची जुनी धावपट्टी होती. दिशा अगदी हीच, पण दुरुस्तीसाठी बंद. खऱ्या धावपट्टीवर ढगाची सावली पसरली होती. जुनी मात्र भिजून आरशासारखी चमकत होती.

"टॉवर, धावपट्टी समोर दिसतेय."

"उतरा," ती म्हणाली. वारा सांगितला. आणि मग दुर्बीण उचलली.

मग. आधी नाही.

आकाश रिकामं होतं.

"टपाल, दिवे लावलेत?"

"लावलेत."

"तुम्ही मला दिसत नाही."

"मला तर सगळं स्वच्छ..."

क्लबच्या झाडांमागे काहीतरी चमकलं आणि खाली गेलं.

"उतरू नका. वर जा, लगेच. ती आमची धावपट्टी नाही."

साहेबांनी पेपर बाजूला टाकला. मग वायरलेसवर इंजिनाची घरघर, आणि त्या निवांत आवाजातला निवांतपणा पार उतरलेला —

"वर... वर जातोय."

दहा मिनिटांनी तो खऱ्या धावपट्टीवर उतरला. आणखी वीस मिनिटांनी जिन्यात धडपडल्याचा आवाज झाला, आणि दारात एक माणूस गुडघा चोळत उभा राहिला. तिने मनात रंगवला होता त्याहून बुटका. कान जरा मोठे.

"टॉवर?" त्याने विचारलं.

"टपाल?"

"तुमची एक पायरी चुकलेली आहे."

"सगळेच तिथे अडखळतात."

"मी आज दोनदा अडखळलो." तो हसला नाही. तिच्या पुढ्यातल्या कोऱ्या रिपोर्टकडे बघत हळूच म्हणाला, "चूक माझी आहे, तेवढीच लिहा. दुर्बीण केव्हा उचललीत वगैरे काढू नका. तुमची नोकरी नवी आहे."

"टेप आहे ना."

"टेपवर आवाज असतो. तुम्ही कुठे बघत होतात, ते नसतं. आधी दिसलो आणि मग हरवलो, असंही असू शकतं."

खरंच नव्हतं. तेव्हा साहेबांचीही तिच्याकडे पाठ होती. दोन ओळी गाळल्या असत्या तर कुणाला पत्ता लागला नसता.

"मला माहीत आहे ना," ती म्हणाली आणि पेनचं टोपण काढलं. तो गेल्यावर लिहिलं.

*विमान दिसण्याआधी परवानगी दिली का?* — हो.

*कारण?* — आवाज ओळखीचा होता.

साहेबांनी ते दोनदा वाचलं. "हे असं लिहितात का रिपोर्टात?"

"खरं आहे, साहेब."

"खरं आहे म्हणूनच विचारतोय." त्यांनी चष्मा काढून पुसला, आणि सही केली.

तिला सहा आठवडे दुर्बिणीला हात लावायचा नव्हता. तळमजल्यावर बसून फायली लावायच्या. त्याला तीन महिने विमान बंद. रोज चार वाजता दुसराच कुणीतरी टपाल आणायचा, आणि तिला खालून नुसतं इंजिन ऐकू यायचं. त्या आवाजात कुणीच नव्हतं.

पाचव्या आठवड्यात चौकशीची फाईल लावायला तिच्याच टेबलावर आली. तिच्या कागदाला टाचणीने त्याचा कागद जोडलेला होता. अक्षर अगदीच कोंबडीच्या पायाचं.

*धावपट्टी चुकीची आहे हे लक्षात का आलं नाही?* — ती 'उतरा' म्हणाली, म्हणजे ती माझ्याकडे बघतेय असं वाटलं. मग मी खालचं काही तपासलं नाही.

ती ते वाचत असतानाच दारात कुणीतरी खाकरलं.

"टॉवर, आज ढग कसे आहेत?"

इथे टेप नव्हती. तिने खुर्ची वळवली आणि आठ महिने नुसतं ऐकलेल्या त्या माणसाला कानांपासून बुटांपर्यंत नीट, सावकाश पाहून घेतलं.

"थांबा," ती म्हणाली. "आधी दिसू द्या."

"...दिसलो?"

"दिसलात."

"मग?"

"मग... या."

आता टॉवरखाली गाडीत तो वाट बघत होता. केस पांढरे, कान तेवढेच.

"मिळाली का, टॉवर?"

"मिळाली. टाचणी गंजलीय, पण कागद सुटले नाहीत."

"माझं अक्षर?"

"आहे तसंच. गाडी काढा."

त्याने आरशात मागे पाहिलं. तिनेही मान वळवून पाहिलं आणि मगच म्हणाली, "हं, निघा."

त्या दुपारी, टपाल उतरता उतरता राहिला तेव्हा, जुन्या धावपट्टीच्या मधोमध एक रोड रोलर उभा होता, आणि त्याचा ड्रायव्हर त्याच्याच सावलीत झोपला होता.